सांगितले की गुण जातो : माळशिरसचे आबा आणि तंजावरचे तमिळ वैद्यक

१/ आजचा धागा तमिळ देशातील सिद्धवैद्यकावर आहे. त्याचा आरंभ मात्र सोलापूर जिल्ह्यातील माळशिरसला, आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर होतो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा. तमिळ वैद्यक कोठून आले, त्याची तत्त्वे कोणती, आणि एका मराठी राजाचा त्याच्याशी काय संबंध, हे सांगायचे आहे. त्यासोबत आमच्या घरातील एक जुनी गोष्टही सांगणार आहे. ती टाळून हा विषय मला मांडता येत नाही.

२/ माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, काविळीचे औषध देत. मी स्वतः ते पाहिलेले नाही. मला आजीने सांगितले. रविवारी दिवस उजाडण्याआधी ते नीरा उजव्या कालव्याच्या बाजूने एकटेच जात आणि धोतराच्या सोग्यात काहीतरी पाला बांधून आणत. घरात आल्यावर दार लोटून तो वाटत आणि ओसरीवर बसलेल्या रोग्याला अनशापोटी ताकातून पाजत. तीन रविवार औषध, तेल-तिखट बंद, आणि पैसा घ्यायचा नाही. फार तर देवापुढे नारळ. नातेपुते, वेळापूर, अकलूजकडूनही माणसे येत.

३/ पाला कोणता, हे आजीलाही ठाऊक नव्हते. आबांना ते त्यांच्या चुलत्याकडून मिळाले होते आणि मिळताना अट घातली होती : औषध सांगितले की गुण जातो. मरणाआधी एकालाच सांगायचे. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत असे एखादे घर असे. कोणाकडे विंचवाचे, कोणाकडे मुळव्याधीचे, कोणाकडे काविळीचे औषध. आणि बहुतेक ठिकाणी ही अटही असे.

४/ १९७८च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या चुलत्यांना कावीळ झाली. वय एकोणीस. औषध घरचेच होते, मग दवाखान्यात कशाला जायचे? पहिला रविवार झाला, दुसरा झाला. त्यानंतर ते असंबद्ध बोलू लागले, दिवसा झोपू आणि रात्री जागू लागले. गाडी करून शहरात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. आबांनी त्या दिवसापासून कोणालाही औषध दिले नाही. लोक येत, ओसरीवर बसत आणि आजी त्यांना परत पाठवी.

५/ मी चौदा वर्षांचा असताना एकदा धीर करून विचारले, “आबा, ते झाड कुठलं हो?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सांगितलं की गुण जातो, पोरा. आन् गुण तर कवाच गेला. आता सांगून काय करू?” पुढल्या वर्षी ते वारले. कोणालाही न सांगता. माझ्या इतिहासाच्या वेडाचे मूळ कोठे, असे कोणी विचारले तर मला मराठ्यांच्या लढायांआधी ही ओसरी आठवते.

६/ आता तंजावरकडे. माळशिरसहून हा प्रवास वाटतो तितका लांबचा नाही. नातेपुत्याहून शिखर शिंगणापूरचा डोंगर दिसतो. तेथील शंभू महादेव हे भोसल्यांचे कुलदैवत, आणि डोंगरावरच्या तळ्याशी मालोजीराजांचे नाव जोडलेले आहे. मालोजींचे पुत्र शहाजी. शहाजींचे पुत्र व्यंकोजी म्हणजेच एकोजी, छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू. त्यांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतले आणि तेथे मराठ्यांची गादी १८५५पर्यंत चालली. कावेरीच्या भातशेतांमध्ये पावणेदोनशेहून अधिक वर्षे दरबारी कागद मोडीत लिहिले जात होते. मोडी शिकल्यावर मी तंजावरला गेलो तो याच कागदांच्या ओढीने. औषधांचा विषय मनात नव्हता.

७/ प्रथम हे वैद्यक म्हणजे काय ते पाहू. तमिळ देशात पिढ्यान्‌पिढ्या जे वैद्यक चालत आले, ते सिद्धांनी सांगितले अशी श्रद्धा आहे. म्हणून ते सिद्धवैद्यक. सिद्ध म्हणजे योगाने ज्याने देह आणि मन जिंकले तो. परंपरा अठरा सिद्ध मानते. अगस्त्य त्यांत पहिला. तिरुमूलर, भोगर, कोंगणर, कोरक्कर, मच्चमुनी ही आणखी काही नावे. याद्या मात्र एकसारख्या नाहीत. एका यादीतले नाव दुसरीत असेलच असे नाही, आणि संशोधकाने हे विसरू नये.

८/ उगमाची कथा अशी : शिवाने हे ज्ञान पार्वतीला सांगितले, तिच्याकडून ते नंदीला मिळाले आणि नंदीकडून सिद्धांना. ही कथा वाचताना मराठी माणूस थबकतो. कारण आपल्याकडेही शिव पार्वतीला गुह्य सांगत असताना मत्स्याच्या पोटातील मच्छिंद्रनाथांनी ते ऐकले, तेथून ते गोरक्षनाथांकडे, गहिनीनाथांकडे, निवृत्तिनाथांकडे आणि शेवटी ज्ञानेश्वरांकडे आले. दर आषाढीला माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत जाते ती या परंपरेची पालखी होय. आणि तमिळ यादीतील मच्चमुनी व कोरक्कर ही नावे मत्स्येंद्र आणि गोरक्ष यांच्याशीच जोडली जातात.

९/ अगस्त्याचेही तसेच. तमिळ परंपरेत तो पोदिगै डोंगरावर राहतो आणि तमिळ भाषेचा आद्य वैयाकरण ठरतो. आपल्याकडे प्रवरेकाठी अकोल्याला त्याचा आश्रम दाखवतात. विंध्य ओलांडून दक्षिणेत आलेला ऋषी प्रत्येक प्रदेशाने आपला मानला. यावरून एकच अगस्त्य दोन्हीकडे होता असे सिद्ध होत नाही. पण साधू, औषधे आणि कथा या वाटांवरून सतत ये-जा करीत होत्या, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

१०/ मग प्रत्यक्ष ग्रंथ किती जुने? तिरुक्कुरळमध्ये औषधावर एक स्वतंत्र अध्याय आहे, पंचाण्णवावा, दहा कुरळांचा. तीन दोषांचे कमीजास्त होणे हाच रोग, आणि वैद्याने रोग, त्याचे कारण व उपाय या क्रमाने जावे, हा विचार तेथे स्पष्ट आहे. म्हणजे विचार जुना आहे. परंतु अगस्त्य किंवा भोगर यांच्या नावावर आज जे वैद्यकग्रंथ मिळतात, त्यांतील पुष्कळांची भाषा बरीच नंतरची, मध्ययुगीन किंवा त्याहूनही अलीकडची आहे. थोर नावाने ग्रंथ लिहिणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

११/ याचा एक पुरावा तर औषधाच्या नावातच सापडतो. ज्याला आपण चोपचिनी म्हणतो, त्या मुळाला तमिळमध्ये ‘परंगिप्पट्टै’ म्हणतात. परंगि म्हणजे फिरंगी. पोर्तुगीज आले, त्यांच्याबरोबर उपदंशाचा रोग आला, आणि त्यावरचे परदेशी मूळही आले. सिद्धवैद्यांनी ते घेतले, आपल्या पद्धतीत बसवले आणि नावात त्याची आठवण ठेवली. ज्या पोथीत परंगिप्पट्टै आहे तो मजकूर पोर्तुगीज येण्याआधीचा असणे अवघड. ‘पाच हजार वर्षांपूर्वीचे, जसेच्या तसे’ असा दावा दिसला की हे मूळ आठवावे. आणि नवे घेण्याची ताकद हा या वैद्यकाचा मोठेपणा होता, हेही ध्यानात ठेवावे.

१२/ आता तत्त्वे. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ असे आपण म्हणतो. सिद्धवैद्यकाचा पायाही तोच : अंडात जे आहे ते पिंडात आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश या पाच भूतांपासून ९६ तत्त्वे, सात धातू आणि तीन दोष : वातम्, पित्तम्, कपम्. येथपर्यंत आयुर्वेदाशी साम्य आहे. पण एक भेद मजेशीर आहे. आयुर्वेद बाल्यात कफ, तारुण्यात पित्त आणि वार्धक्यात वात प्रबळ मानतो. सिद्धवैद्यक नेमके उलटे, बाल्यात वात आणि वार्धक्यात कफ मानते. म्हणजे ही आयुर्वेदाची तमिळ नक्कल नव्हे. शब्दसंपत्ती सामायिक, पण विचार स्वतःचा.

१३/ रोग ओळखण्याच्या आठ परीक्षा आहेत : नाडी, स्पर्श, जीभ, वर्ण, वाणी, डोळे, मल आणि मूत्र. यांतील मूत्रपरीक्षेची एक तऱ्हा ‘नेय्क्कुरी’ म्हणून प्रसिद्ध आहे. सकाळचे मूत्र भांड्यात घेऊन त्यावर तिळाच्या तेलाचा थेंब अलगद सोडायचा. थेंब सापासारखा लांबला तर वात, अंगठीसारखा गोल पसरला तर पित्त, मोत्यासारखा टिकून राहिला तर कफ. या परीक्षेने रोग खरोखर किती कळतो, हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण वैद्य डोळ्यांनी पाहत होता, खुणा ठरवत होता, आणि त्या खुणा दुसऱ्यालाही पाहता येत होत्या.

१४/ औषधांचे तीन वर्ग : वनस्पती, खनिजे व धातू, आणि प्राणिज द्रव्ये. पोटात घ्यायची ३२ रूपे आणि बाहेरून वापरायची ३२. प्रत्येक रूपाला मुदत ठरलेली : काढा तीन तासांत संपवायचा, चूर्ण तीन महिने टिकते, आणि धातूंची भस्मे दीर्घकाळ. पाषाणे म्हणजे खनिज विषे ६४ मोजली आहेत, ३२ निसर्गात मिळणारी आणि ३२ कृतीने बनवलेली. पारा आणि गंधक यांना या वैद्यकात मोठा मान. रसविद्येत पारा म्हणजे शिवतत्त्व, गंधक म्हणजे शक्तितत्त्व, आणि दोघांच्या संयोगातून औषध. आमच्या तालुक्यात वेळापूरला यादवकालीन मंदिरात अर्धनारीनटेश्वर आहे. लहानपणापासून पाहिलेल्या त्या मूर्तीचा हा एक अर्थ मला तंजावरला कळला.

१५/ येथे थोडे थांबून एक सावधगिरी. पारा, सोमल, शिसे ही विषेच आहेत. शोधन नीट झाले नाही, मात्रा चुकली, तर मूत्रपिंड आणि मेंदू यांना इजा होते. हे आजचे विज्ञान सांगतेच, आणि शोधनाचे लांबलचक विधी सांगणाऱ्या जुन्या वैद्यांनाही धोक्याची जाणीव होती. इतिहास वाचून भस्मे खाऊ नयेत.

१६/ धोका होता म्हणूनही असेल, पण सिद्धांचे ग्रंथ सांकेतिक भाषेत आहेत. द्रव्यांना भलतीच नावे, एका शब्दाचे पाच अर्थ, आणि गुरूवाचून उलगडा नाही. अपात्राला सांगू नये अशी ताकीद पुन्हा पुन्हा येते. ताडपत्रे वैद्यांच्या घरात राहत आणि बापाकडून मुलाकडे जात. मुलगा नसला, त्याला रस नसला, किंवा वाळवी लागली, की विद्या संपली. हे वाचले तेव्हा माझ्यासमोर ओसरीवरचे आबा उभे राहिले. अट तीच होती. आमच्या घराच्या अटीमागे ग्रंथ नव्हता, एवढाच फरक.

१७/ या पार्श्वभूमीवर दुसरे सरफोजीराजे पाहावेत. जन्म १७७७. तुळजाजीराजांनी १७८७ला दत्तक घेतले. श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिक्षण झाले. १७९८ला गादी मिळाली आणि १७९९च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाला वर्षाला एक लाख पॅगोडा, महसुलाचा पाचवा हिस्सा, आणि सत्ता म्हणाल तर तंजावरचा किल्ला व भोवतालचा परिसर. बिनराज्याचा राजा. त्याने उरलेले आयुष्य आणि पैसा कशावर खर्च केला, हे पाहण्यासारखे आहे.

१८/ सरस्वती महाल हे नायकांच्या काळापासूनचे ग्रंथालय त्याने अफाट वाढवले. देवनागरी छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापनीतीचे मराठी भाषांतर छापले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर १८०३ला भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरून घेतले. शिंगणापूरच्या डोंगराशी नाते सांगणाऱ्या घराण्याची कुळकथा चोळांच्या मंदिरात, मराठीत! आणि याच राजाने धन्वंतरी महाल उभारला.

१९/ धन्वंतरी महालात औषधे बनत, माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. तेथे सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे वैद्य एकत्र काम करीत. वनस्पतींचे नमुने पाहिले जात, त्यांची चित्रे काढली जात. औषधे रुग्णांवर पारखली जात आणि नोंदी ठेवल्या जात. नेत्ररोगांच्या रुग्णांच्या नोंदी तर आजही शिल्लक आहेत, कोणाला काय झाले, काय उपचार केला, काय गुण आला, आणि सोबत डोळ्यांची चित्रे. राजाला स्वतःला नेत्रचिकित्सेची आवड होती आणि मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियांशी त्याचे नाव जोडलेले आहे.

२०/ पुढचे पाऊल मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पारखलेली औषधे राजाने तमिळ कवींकरवी पद्यात बांधून घेतली. हा संग्रह ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ्’ म्हणून ओळखला जातो. मुरै म्हणजे रीत. शरभेंद्र म्हणजे सरफोजीच. या नावाचा प्रवासही पाहा : मालोजींनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली अशी परंपरा सांगते. शरीफजीवरून सरफोजी, आणि कवींच्या संस्कृत वळणाच्या भाषेत तोच शरभेंद्र. एका सूफी पिराचे नाव तमिळ वैद्यकाच्या ग्रंथावर येऊन बसले.

२१/ ग्रंथ मराठीत किंवा संस्कृतात करता आला असता. तो तमिळमध्ये केला, कारण औषध देणारे आणि घेणारे तमिळ बोलत होते. पद्यात केला, कारण पद्य पाठ होते. संग्रह विसाव्या शतकात सरस्वती महालाने रोगांनुसार खंडांत छापला. नेत्ररोग, मधुमेह, गर्भिणी व बालरोग असे त्याचे भाग आहेत. जे ताडपत्रांत आणि घराण्यांत बंद असायचे ते कोणीही विकत घ्यावे अशा पुस्तकात आले. राजाला वैद्यांकडून ही विद्या कशी मिळाली, कोणी आनंदाने दिली आणि कोणी नाइलाजाने, याचा विचार मनात येतोच. पण ती दिली गेली, म्हणून उरली.

२२/ तंजावरला मी ज्यांच्याकडे उतरलो होतो ते वृद्ध गृहस्थ तेथलेच मराठी. घरात बोलतात ती मराठी आपल्याला जुनी आणि वेगळ्या हेलाची वाटते, लिहिता-वाचता मात्र तमिळ येते. मी त्यांना आबांची गोष्ट सांगितली. ते उठले, परसात गेले आणि एक रोप उपटून घेऊन आले. चिंचेसारखी बारीक पाने आणि पानांच्या देठाखाली मोहरीएवढी फळे. म्हणाले, “आमच्याकडे काविळीला हे. कीळानेल्ली.” कीळ म्हणजे खाली, नेल्ली म्हणजे आवळा. फळे खाली धरणारी आवळी. मी रोप हातात घेतले आणि क्षणभर बोलू शकलो नाही. हा आपला भुईआवळा. पावसाळ्यात आमच्या उसाच्या बांधावर, कालव्याच्या कडेला, कोठेही उगवतो.

२३/ आबांचा पाला हाच होता का? मला वाटते, असावा. पण वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाने स्वतःच्या घराबाबतही हा नियम मोडू नये. आजीने पाला पाहिला नव्हता, वडिलांनी पाहिला नव्हता, आणि ज्यांनी पाहिला ते गेले.

२४/ कीळानेल्लीची कथा मात्र पुढे गेली, कारण ती सर्वांना माहीत होती. १९८८ला चेन्नईच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्राथमिक प्रयोग प्रसिद्ध केला. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधण्याबद्दल ज्यांना १९७६चे नोबेल मिळाले ते बरूच ब्लुमबर्गही त्यात सहलेखक होते. या विषाणूच्या वाहकांपैकी ३७ जणांना भुईआवळ्याचे चूर्ण दिले, त्यांतील २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. ज्यांना नुसते दिखाऊ औषध दिले त्या २३पैकी एकाचीच. जगभर खळबळ उडाली. लगेच इतरांनी प्रयोग करून पाहिले, आणि तसा गुण पुन्हा दिसेना. २०११च्या एका मोठ्या आढाव्याने सांगितले की या वनस्पतीचा उपयोग दिखाऊ औषधापेक्षा अधिक असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही.

२५/ हे वाचून मी निराश झालो, हे कबूल करतो. मला आबा बरोबर ठरायला हवे होते. पण नंतर दुसरी बाजू दिसू लागली. गावातल्या बहुतेक काविळी दूषित पाण्यातून येतात आणि काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. तीन रविवार म्हणजे पंधरा-वीस दिवस. जे बरे झाले ते पाल्याने की काळाने, हे आबांना कळायला मार्गच नव्हता. नोंद नव्हती, तुलना नव्हती, दुसऱ्याला दाखवून विचारण्याची मुभा नव्हती. थोड्यांचे यकृत निकामी होते, आणि त्यांची लक्षणे वेळेवर ओळखावी लागतात. माझे चुलते त्या थोड्यांतले होते.

२६/ आबांनी उरलेले आयुष्य एका समजुतीत काढले : माझ्या हातून काहीतरी चुकले, कोणाला तरी कळले, म्हणून गुण गेला. ते दोष स्वतःकडे घेऊन गेले. अट नसती, पाला चार जणांना ठाऊक असता, एखाद्या डॉक्टरने तो पाहिला असता, तर कदाचित कोणीतरी त्यांना सांगितले असते की ही कावीळ त्या काविळींपैकी नाही, पोराला आजच शहरात हलवा. गुप्ततेने आमच्या घराचे जे नुकसान केले ते औषध हरवण्याचे नव्हते. औषधाच्या मर्यादा कधीच कळल्या नाहीत, ते खरे नुकसान.

२७/ तमिळ वैद्यकाने पुढे तीच वाट धरली जी धन्वंतरी महालाने दाखवली. १९२३ला मद्रास इलाख्यात देशी वैद्यकांविषयी उस्मान समितीचा अहवाल आला. १९६४ला पाळयंकोट्टैला शासकीय सिद्धवैद्यक महाविद्यालय निघाले, २००५ला चेन्नईजवळ तांबरमला राष्ट्रीय सिद्ध संस्था. डेंग्यूच्या साथीत तमिळनाडू शासनाने ‘निलवेम्बु कुडिनीर’ हा काढा वाटला. त्यातील मुख्य वनस्पती आपली किराईत. त्याच्या उपयोगाविषयी वाद झाले, आणि होतही राहतील. वाद होऊ शकतात, कारण घटक जाहीर आहेत.

२८/ सरफोजीराजे १८३२ला वारले. त्यांच्या पुस्तकातील किती औषधे आजच्या कसोटीला उतरतील, मी सांगू शकत नाही. बरीच उतरणार नाहीत. तरी त्या माणसाने वैद्यांच्या मुठी उघडायला लावल्या आणि आत काय आहे ते कागदावर उतरवले. चूक असेल तर ती दाखवता येते, खरे असेल तर ते वापरता येते. शिंगणापूरच्या त्या डोंगराकडे पाहताना आता मला भोसल्यांच्या तलवारींबरोबर या नोंदवह्याही आठवतात.

२९/ धागा संपवताना एक विनंती. तुमच्या घरी कोणी आजी-आजोबा, आत्या, चुलते असे एखादे औषध, एखादी रीत, एखादे झाड जाणत असतील तर या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा. झाडाचा फोटो काढा, गावातले नाव लिहा, कोणत्या महिन्यात आणि कसे वापरतात ते लिहा, आणि कोणाला गुण आला नाही तेही आवर्जून लिहा. ते खाऊ नका, कोणाला देऊ नका. नुसते लिहा. आणि डोळे पिवळे दिसले तर रविवारची वाट न पाहता दवाखान्यात जा.

३०/ तंजावरहून येताना ते रोप मी वर्तमानपत्रात दाबून आणले. आता ते माझ्या वहीत आहे. खाली लिहिले आहे : भुईआवळा, कीळानेल्ली. त्याखाली एक ओळ कोरी ठेवली आहे, आबांच्या पाल्याच्या नावासाठी. ती भरता येणार नाही, हे मला माहीत आहे.